अडलेल्या तारेचे निदान

तारेवरून बोलणाऱ्या यंत्रांचा इतिहास बहुधा विजयांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली दोन शहरे तारेने जोडली गेली, अमुक साली समुद्राच्या तळावरून पहिला निरोप गेला, अशा पायऱ्या मोजीत हा वृत्तांत पुढे सरकतो. परंतु ह्याच इतिहासाची दुसरीही एक बाजू आहे. तार जेव्हा जेव्हा अडली, तेव्हा तेव्हा माणसांनी काय केले, ही ती बाजू होय. यंत्र सुरळीत चालत असते तोवर ते का चालते हा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. ते बंद पडले म्हणजेच त्याच्या पोटातील व्यवहार उघडे होऊ लागतात. म्हणून बिघाडांचा इतिहास हा एका अर्थी ज्ञानाचाच इतिहास आहे.

ह्या जुन्या गोष्टीस आज नवे निमित्त मिळाले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत थोडक्या पैशांत तळहातावर मावेल एवढी एक पट्टी मिळते. तिच्यावर बसविलेल्या एकाच चिपमध्ये गणित करणारा भाग, स्मरणाचा कोठा आणि बाहेरील तारांशी बोलणारी दारे अशी सर्व सामग्री एकत्र असते. हिलाच मायक्रोकंट्रोलर असे नाव आहे. शाळा-कॉलेजांतील मुले आणि निवृत्त गृहस्थ अशा पट्ट्यांवर नाना हौशी प्रयोग करीत असतात. कोणी कुंड्यांना वेळेवर पाणी घालणारे यंत्र करतो, कोणी घरातील उष्णतामानाची नोंद ठेवतो. पण बहुतेकांचा पहिला मुक्काम एकाच ठिकाणी पडतो. दोन यंत्रे तारेने जोडावी, तो पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा पडतो. किंवा काहीच उमटत नाही. बटण एकदा दाबावे, तो यंत्र ते तीनदा दाबले असे मोजते; किंवा कोणी हात लावला नसताही आपोआप मोजू लागते. अशा वेळी पुष्कळांना पट्टीच नासकी निघाली असे वाटते. काहींना हे शास्त्र आपल्या आवाक्यातले नव्हे असे वाटते, आणि सामान खोक्यात जाते. वस्तुतः ह्यांतील प्रत्येक बिघाडाला दीर्घ वंशावळ आहे. तो बिघाड पूर्वी कोणा तरी मोठ्या माणसाला भोवलेला आहे, आणि त्यावरील उपायही त्याच वेळी सापडलेला आहे.

प्रारंभ १८३७ सालापासून करणे सोयीचे होईल. त्या वर्षी इंग्लंडात विल्यम कुक व चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी पाच सुयांच्या तारायंत्राचे पेटंट घेतले. ह्या यंत्रात दोन सुया वळून एका अक्षराकडे बोट दाखवीत. त्यामुळे वाचणाऱ्यास कोणतीही सांकेतिक भाषा शिकावी लागत नसे. मात्र प्रत्येक सुईला स्वतंत्र तार लागे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापासून वेस्ट ड्रेटनपर्यंत आगगाडीच्या रस्त्याने हे यंत्र बसविण्यात आले. थोड्याच काळात तारांवरील आवरण निकामी होऊ लागले, आणि एकेक तार मुकी पडू लागली. तेव्हा असे आढळून आले की, उरलेल्या थोड्या सुयांवरही काम चालविता येते. फक्त एका अक्षरासाठी एकामागून एक अशा अनेक हालचाली ठरवून घ्याव्या लागतात. पुढे दोन सुयांची आणि मग एका सुईची यंत्रे प्रचारात आली. १८४४ साली वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर ह्यांच्यामध्ये सॅम्युएल मोर्सने आपली तार सुरू केली, तीत तर एका तारेवरून आखूड व लांब स्पंदांच्या रांगेनेच सर्व काही सांगावयाचे होते.

येथे एक महत्त्वाचा सौदा झाला. तारांची संख्या घटली आणि तिची जागा काळाने घेतली. पाच चिन्हे पाच तारांवरून एकाच क्षणी पाठविण्याऐवजी ती एकाच तारेवरून पाच क्षणांत पाठवावयाची, हीच आज ज्यास सिरीयल पद्धती म्हणतात तिची मूळ कल्पना. ह्या सौद्याने तांबे वाचले. परंतु बोलणारा आणि ऐकणारा ह्यांच्यामध्ये काही करार आवश्यक झाले. बोलण्याचा वेग कोणता, शून्य कशास म्हणावयाचे, कोणाचे तोंड कोणाच्या कानाशी जोडावयाचे आणि गप्प बसणे म्हणजे काय, ह्या सर्वांविषयी दोन्ही टोकांचे एकमत हवे. आजच्या हौशी मनुष्याची तार अडते ती बहुधा ह्यांपैकी एखादा करार न सांगता राहून गेल्यामुळेच.

शून्याचा करार प्रथम घेऊ. विद्युत्प्रवाहास जाण्यासाठी जशी वाट लागते, तशी परतण्यासाठीही लागते. १८३८ साली म्यूनिकच्या कार्ल ऑगस्ट स्टाइनहाइल ह्या शास्त्रज्ञाने परतीच्या तारेऐवजी पृथ्वीचाच उपयोग करता येतो असे दाखविले. तेव्हापासून तारखात्याचा खर्च निम्म्याने हलका झाला, आणि दोन्ही टोके जमिनीत पुरलेल्या पत्र्याने एकमेकांशी जोडली जाऊ लागली. टेबलावरील दोन पट्ट्या मात्र जमिनीत पुरलेल्या नसतात. एक संगणकापासून वीज घेते, दुसरी बॅटरीवर चालते. प्रयोग करणारा निरोपाची तार जोडतो आणि परतीची विसरतो. पहिली पट्टी पाच व्होल्ट म्हणते, पण हे पाच कोणत्या शून्यापासून मोजावयाचे, हे दुसरीला कळण्याचा मार्गच नसतो. दोहोंचे शून्य एका तारेने जोडताच गोंधळ शमतो. त्या तारेस आजही ग्राउंड, म्हणजे भूमी, असेच म्हणतात; स्टाइनहाइलची आठवण त्या शब्दात शिल्लक आहे.

मौनाचा करार अमेरिकेतील तारमास्तरांनी घातला. तेथील पद्धतीत कोणी बोलत नसतानाही तारेतून प्रवाह सतत वाहता ठेवीत, आणि तो तोडून निरोपाच्या खुणा करीत. ह्याचा लाभ असा की, वाटेत कोठे तार तुटली तर प्रवाह थांबून ती गोष्ट ताबडतोब ध्यानात येई. रिकामी तार आणि मेलेली तार ह्यांत भेद करता येऊ लागला. पुढे दूरमुद्रक यंत्रांनीही हीच रीत उचलली. आजच्या मायक्रोकंट्रोलरची सिरीयल तार विश्रांतीच्या वेळी उच्च दाबावर असते आणि खाली उतरून बोलावयास आरंभ करते, हा त्या जुन्या रिवाजाचाच वारसा आहे.

बटणाच्या बाबतीत हाच नियम विसरला जातो. बटण दाबले की तार शून्यास जोडली जाते, हे ठीक. पण ते सोडले म्हणजे ती तार कशासही जोडलेली नसते. अशी अधांतरी तार आसपासच्या विजेच्या लहरी झेलते, आणि चिप तीवर कधी एक वाचते तर कधी शून्य. हात जवळ नेला तरी आकडे बदलतात, आणि पाहणारा चकित होतो. त्यावर उपाय एकच. मोठ्या रोधातून ती तार उच्च दाबाकडे हलकेच ओढून ठेवावयाची. आर्डुइनोच्या प्रसिद्ध पट्टीवर जी एटीमेगा ३२८ पी चिप असते, तिच्या पोटात ह्यासाठी २० ते ५० हजार ओहमांचा रोध तयारच असतो; फक्त तो कामास लावण्याची आज्ञा द्यावी लागते.

ह्या छोट्या चुकांचे मोल आज काही मिनिटांचे आहे. परंतु १८५८ साली एका अडलेल्या तारेने साऱ्या जगाचे लक्ष वेधले होते. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस आयर्लंडचे व्हॅलेन्शिया बेट आणि न्यूफाउंडलंड ह्यांना जोडणारी समुद्री तार पुरी झाली. १६ तारखेस व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे निघाला. शंभराहूनही कमी शब्दांचा तो संदेश पोहोचावयास सुमारे सोळा तास लागले. दोन्ही किनाऱ्यांवरील तारमास्तर दिवसेंदिवस एकमेकांस सावकाश पाठवा, पुन्हा पाठवा, वाचता येते काय, एवढेच विचारीत राहिले होते. आज सिरीयल पडद्यावरील निरर्थक चिन्हांकडे पाहत बसलेल्या मनुष्याची अवस्था त्यांना सहज ओळखू आली असती.

ह्या मंदपणाचे कारण विल्यम थॉमसन ह्या ग्लासगोच्या प्राध्यापकाने तार टाकण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. गटापर्चाच्या आवरणातील तांबे आणि भोवतालचे पाणी मिळून एक अतिशय लांब विद्युत्कुंभ बनतो. तो आधी भरावा लागतो व मग रिता व्हावा लागतो, आणि म्हणून स्पंद पलीकडे पोहोचेपर्यंत पसरून एकमेकांत मिसळतात. हा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे त्याचे गणित होते. परंतु कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस ह्यास हे गणित मान्य नव्हते. तो मूळचा ब्रायटनचा शस्त्रवैद्य. तार नीट बोलत नाही, तर तिला अधिक जोर द्यावा, असा त्याचा उपाय होता. पाच फूट लांबीची प्रवर्तन वेटोळी लावून त्याने सुमारे दोन हजार व्होल्टांचा दाब त्या तारेत सोडला. तारेची बनावट आधीच सदोष होती. गटापर्चातील दुबळ्या जागा ह्या माऱ्याने अधिकच ढासळल्या. न्यूयॉर्क शहराने १ सप्टेंबर रोजी तारेच्या सन्मानार्थ प्रचंड उत्सव केला, आणि त्याच सुमारास तार जवळजवळ मुकी झाली.

ह्या अल्पायुषी तारेचा हिंदुस्थानशीही एक संबंध आला. १८५७चा उठाव मोडण्यासाठी कॅनडा व नोव्हा स्कोशिया येथील दोन पलटणींना कूच करण्याचे हुकूम डाकेने गेलेले होते. परिस्थिती पालटल्यामुळे ते हुकूम रद्द झाल्याचे तारेने वेळीच कळले, आणि सरकारचा सुमारे ५० हजार पौंडांचा खर्च वाचला. तारेचे महत्त्व ह्या एका निरोपाने सिद्ध झाले होते. आणि म्हणूनच ती का मेली हे शोधणे अटळ झाले.

व्यापार मंडळ आणि कंपनी ह्यांच्या संयुक्त समितीने ह्या अपयशाची चौकशी केली आणि १८६१ साली अहवाल प्रसिद्ध केला. ह्या चौकशीचे फळ एका तारेपुरते राहिले नाही. तोपर्यंत विद्युद्विद्या पुष्कळ अंशी अनुभवी माणसाच्या अंदाजावर चाले. रोध किती, हे सांगावयास सर्वमान्य मापच नव्हते. त्याच १८६१ साली थॉमसनच्या प्रेरणेने ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरविण्यासाठी समिती नेमली. ओहम हे माप तिच्या कार्यातून व्यवहारात आले. एकदा माप हाती आल्यावर निदानाची रीतच पालटली. प्रत्येक मैल तारेचा रोध ठाऊक असेल, तर किनाऱ्यावर बसून मोजलेल्या रोधावरून बिघाड किती मैलांवर आहे ह्याचा हिशेब करता येऊ लागला. जेथे दोन तारा शेजारी असतील, तेथे दूरच्या टोकाला त्या एकमेकींस जोडून वेटोळे करावे आणि आपल्याच टोकाशी बसून दोन्ही बाजू ताडून पाहाव्या, अशीही पद्धत रूढ झाली. मरे आणि व्हार्ली ह्यांची नावे ह्या कसोट्यांना आजतागायत चिकटलेली आहेत.

१८६६ साली ग्रेट ईस्टर्न ह्या अजस्र जहाजाने अटलांटिकची तार यशस्वी रीतीने टाकली. पूर्वीच्या मानाने तीत जवळजवळ तिप्पट तांबे होते. आदल्या वर्षी तुटून बुडालेली तारही त्याच वेळी वर काढून पुरी करण्यात आली, आणि दोन तारा एकदम हाती आल्या. तेव्हा लॅटिमर क्लार्क ह्या अभियंत्याने एक प्रयोग केला. न्यूफाउंडलंडच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींस जोडविल्या. व्हॅलेन्शियात एका तरुणीचे शिवणकामाचे चांदीचे अंगुस्तान मागून घेतले. त्यात आम्लाचे काही थेंब आणि जस्ताचा तुकडा घालून बॅटरी केली. त्या अंगुस्तानातील विजेने समुद्र दोनदा ओलांडला, आणि थॉमसनच्या आरशाच्या गॅल्व्हनोमीटरवरील प्रकाशबिंदू स्पष्टपणे हलला. दोन हजार व्होल्टांना जे साधले नाही, ते एका अंगुस्तानाने साधले. चार वर्षांनी, १८७० साली, ह्याच जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्री तार टाकली, आणि मुंबई समुद्रमार्गे विलायतेशी जोडली गेली.

ह्या दोन प्रसंगांतील धडा हौशी प्रयोगकर्त्याच्या रोजच्या उपयोगाचा आहे. आजच्या पुष्कळ चिपा ३.३ व्होल्टांवर चालतात आणि काही जुन्या पाच व्होल्टांवर. निरोप पोहोचत नाही म्हणून अधिक दाब देणे, किंवा ३.३च्या कानात विचार न करता पाच ओतणे, ही व्हाइटहाउसचीच चूक लहान प्रमाणावर करणे होय. उलट क्लार्कची रीत अतिशय साधी आहे. पट्टीपासून बाहेरची सर्व यंत्रे सोडवून तिची बोलण्याची तार तिच्याच ऐकण्याच्या दारास जोडावयाची. पाठविलेले अक्षर जसेच्या तसे परत आले, तर संगणक, जोडतार आणि पट्टी ही तिन्ही निर्दोष ठरतात, आणि दोष पलीकडे आहे हे निश्चित होते. परत आले नाही, तर पलीकडच्या यंत्रास दोष देणे थांबविता येते.

आता काळाचा करार. फ्रान्सच्या एमिल बोदो ह्याने १८७४ साली पाच एकसारख्या लांबीच्या स्पंदांची लिपी पेटंट केली. मोर्सच्या लिपीत अक्षरांची लांबी भिन्न. बोदोच्या लिपीत सर्व अक्षरे सारख्याच मापाची, म्हणून ती यंत्राने छापणे सुलभ. परंतु दोन्ही टोकांची चक्रे एकाच गतीने फिरत राहणे अत्यावश्यक होते, आणि तारमास्तरास यंत्राच्या ठेक्यावरच पाच कळा दाबाव्या लागत. बॉड हे वेगाचे माप ह्याच बोदोच्या नावावरून पडले आहे. दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत, हा ह्या पद्धतीचा मूळ अडथळा होता. पहिल्या अक्षरात केसाएवढे असलेले अंतर हजाराव्या अक्षरापर्यंत हातभर होई.

१९१०च्या सुमारास शिकागो येथे चार्ल्स क्रम आणि त्याचा मुलगा हॉवर्ड ह्यांनी हा पेच सोडविला. मॉर्टन आणि क्रम ह्या दोन आडनावांचा सांधा होऊन त्यांच्या कंपनीचे नाव मॉरक्रम असे पडले होते. त्यांची युक्ती अशी. घड्याळे सदैव सारखी ठेवण्याचा हट्टच सोडून द्यावयाचा. प्रत्येक अक्षराच्या आधी एक आरंभाची खूण पाठवावयाची आणि शेवटी एक विरामाची. आरंभाची खूण येताच ऐकणाऱ्या यंत्राचा अडकविलेला दांडा सुटतो, बरोबर एक फेरी घेतो आणि विरामाच्या वेळी पुन्हा अडकून स्वस्थ राहतो. घड्याळातील चूक त्यामुळे एका अक्षरापलीकडे साठत नाही. दर अक्षराला हिशेब नव्याने मांडला जातो.

१९६०च्या दशकाच्या आरंभी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-१ ह्या संगणकासाठी गॉर्डन बेल ह्याने हाच फिरता दांडा विद्युन्मंडलात उतरविला. प्रथम त्याने मोठी जागा व्यापली. १९७१च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलने ते सर्व एका चिपमध्ये बसविले. त्यास यूआर्ट म्हणतात, आणि आजच्या मायक्रोकंट्रोलरच्या पोटात तो भाग जवळजवळ नेहमी असतो. त्याचे गणितही क्रम पितापुत्रांचेच आहे. आरंभाची एक, निरोपाच्या आठ आणि विरामाची एक अशा दहा खुणा. ऐकणारा प्रत्येक खुणेच्या मध्यावर डोकावतो. शेवटच्या खुणेचा मध्य आरंभापासून साडेनऊ खुणांवर येतो, आणि तेथवर अर्ध्या खुणेहून अधिक घसरण झाली तर तो चुकीच्या ठिकाणी पाहतो. अर्ध्यास साडेनवांनी भागिले असता सुमारे पाच टक्के येतात. दोन्ही टोकांची मिळून चूक ह्याच्या आत राहिली पाहिजे.

हे एक गणित मनात असले म्हणजे अर्थहीन चिन्हांचे गूढ उकलते. एका बाजूस ९६०० आणि दुसऱ्या बाजूस ११५२०० असा वेग ठेवला तर चूक टक्क्यांत मोजण्यासारखीच राहत नाही. ही चूक सर्वांत सामान्य. पण वेगाचे आकडे जुळूनही चिन्हे बिघडतात तेव्हा घड्याळाकडे पाहावयास हवे. एटीमेगा ३२८ पी चिपचे आतील घड्याळ कारखान्यातून दहा टक्क्यांच्या मर्यादेत जुळविलेले येते. म्हणजे बाहेरचा स्फटिक न लावता ती वापरल्यास पाच टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक असला तरी सर्व वेग त्यास पुरे भाग जात नाहीत. ९६०० बॉडला चूक अवघी ०.२ टक्के असते, तर ११५२०० बॉडला ती, चिप दुप्पट गतीच्या पद्धतीत चालविली तरी, २.१ टक्के होते. म्हणून अडलेल्या तारेवर प्रथम वेग कमी करून पाहणे शहाणपणाचे. व्हॅलेन्शियाच्या तारमास्तरांची सावकाश पाठवा ही विनंती अगदी योग्य होती.

तोंड आणि कान ह्यांचा करार मात्र तुलनेने अलीकडील. १९६० साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघाने आरएस-२३२ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्याची पुढे फार चाललेली आवृत्ती १९६९ची. टर्मिनल आणि मोडेम ह्यांच्यामध्ये कोणत्या तारेवर काय जाईल हे त्यात ठरविले होते. पाठविणे व घेणे ही नावे टर्मिनलच्या दृष्टीने ठेविली होती. त्यामुळे टर्मिनल आणि मोडेम सरळ तारेने जोडता येत. पण दोन टर्मिनल तशाच तारेने जोडली, तर तोंड तोंडाला आणि कान कानाला लागे. त्यासाठी दोन तारा उलटसुलट केलेली निराळी जोडतार लागे. आजच्या पट्ट्यांवर टीएक्स आणि आरएक्स अशी अक्षरे दिसतात, आणि सारखी नावे एकमेकांस जोडण्याचा मोह पडतो. तेथे एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला हवा. शिवाय आरएस-२३२च्या तारेवर ऋण दाब म्हणजे एक व धन दाब म्हणजे शून्य असा उलटा रिवाज आहे, आणि दाबही तीनपासून पंधरा व्होल्टांपर्यंत असतो. ती तार दुभाष्या चिपवाचून मायक्रोकंट्रोलरला जोडणे म्हणजे केवळ गैरसमज नव्हे, प्राणघातच. आर्डुइनो ऊनो ह्या पट्टीवर आणखी एक सापळा आहे. तिची शून्य आणि एक क्रमांकाची दारे संगणकाशी बोलण्याच्या तारेवरच असतात. तेथे दुसरे यंत्र जोडले म्हणजे दोघे एकदम बोलू लागतात, आणि नवा प्रोग्रॅम पट्टीत शिरत नाही.

राहता राहिला खटका. धातूचे दोन तुकडे एकमेकांस भेटतात तेव्हा ते एकदाच भेटत नाहीत. फरशीवर टाकलेली लगोरीची चकती जशी थरथरून मग स्थिर होते, तसे स्पर्शबिंदूही काही हजारांश सेकंद उसळत राहतात. तारयंत्राची कळही उसळत असेच; परंतु पलीकडचे जड यंत्र इतके संथ असे की त्यास हा कंप जाणवत नसे. यंत्रे चपळ झाली तेव्हा मनुष्याच्या बोटाखालची ही थरथर त्यांना दिसू लागली. सेकंदास लाखो वेळा पाहणाऱ्या चिपला एक दाब हा अनेक दाबांसारखा वाटतो, आणि तिच्या दृष्टीने ते खोटेही नसते.

ह्यावरचे उपाय मायक्रोकंट्रोलरच्या पुष्कळ आधीचे आहेत. काही रिलेंमध्ये स्पर्शबिंदू पाऱ्याने ओले ठेवीत, म्हणजे धातू उसळला तरी पाऱ्याचा धागा तुटत नसे. १९१८ साली एक्लस आणि जॉर्डन ह्या दोन इंग्रज संशोधकांनी दोन निर्वात नळ्यांचे असे मंडल रचले की, ते एकदा एका बाजूस कलले म्हणजे दुसरीकडून धक्का येईपर्यंत तसेच राही. दोन स्पर्शबिंदूंच्या खटक्याला असे मंडल जोडले, तर पहिल्याच स्पर्शाला ते कलते आणि पुढची थरथर वाया जाते. १९३४ साली ऑटो श्मिट ह्या अमेरिकन विद्यार्थ्याने चढताना एका दाबावर आणि उतरताना दुसऱ्या दाबावर पालटणारे मंडल शोधिले. त्यामुळे उंबरठ्यावर घुटमळणारा दाब एकच निश्चित निर्णय देऊ लागला. आजचा प्रयोगकर्ता हेच काम बहुधा प्रोग्रॅमच्या चार ओळींत करतो. बटणाची पहिली हालचाल दिसली की वीस-तीस हजारांश सेकंद थांबावयाचे, पुन्हा पाहावयाचे, आणि तेव्हाही तीच स्थिती असेल तरच ती खरी मानावयाची.

१९४७ साली हार्वर्डच्या मार्क दोन ह्या गणकयंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटविण्यात आला, ही गोष्ट विनोदाने पुष्कळदा सांगितली जाते. तीतील खरी शिकवण अशी की, त्या माणसांनी सर्व यंत्र खोलले नाही किंवा सर्व भाग बदलले नाहीत. दोष ज्या रिलेत होता तेथपर्यंत ते पोहोचले, आणि काय सापडले ते लिहून ठेविले.

२००५ साली इटलीतील इव्रेआ येथील रचना-शिक्षणसंस्थेत आर्डुइनोचा प्रारंभ झाला, तो ज्यांनी विद्युद्विद्येचा रीतसर अभ्यास केलेला नाही अशा विद्यार्थ्यांना ही साधने वापरता यावी म्हणून. तो हेतू पुष्कळ सफल झाला आहे. परंतु साधन स्वस्त झाले म्हणजे त्यामागची शिस्त आपोआप हाती येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. दाब किती हे मीटरने मोजावयाचे. मार्ग मध्यावर तोडून कोणता अर्धा निर्दोष आहे हे ठरवावयाचे. आणि जे आढळले ते टिपून ठेवावयाचे. १८५८च्या पराभवाने एका पिढीस ही शिस्त शिकविली, आणि तिचे मोल समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारेने चुकते केले.

भारतातील सरकारी तारसेवा २०१३च्या जुलै महिन्यात बंद झाली. तारमास्तर गेले, कळा गेल्या, पोस्टातील तो कडकट्ट आवाज गेला. पण क्रम पितापुत्रांची आरंभाची व विरामाची खूण आजही प्रत्येक पट्टीच्या तारेवरून धावते आहे, आणि ती अडली असता तीच जुनी माणसे मदतीस येतात. पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटली, म्हणजे पट्टी नासकी निघाली किंवा आपली बुद्धी कमी पडली असे समजण्याचे कारण नाही. कोठे तरी एक करार सांगावयाचा राहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो कोणता हे शोधण्याचे सामान म्हणजे एक लहानसा मीटर, एक आखूड तार, आणि अंगुस्तानाएवढी वीज.